जुन्या घड्याळाच्या मशीनवरचे आणि सायफाय मालिकांचे नंबर नक्की कसे वाचायचे

मला दोन नाद आहेत. जुनी मेकॅनिकल घड्याळं उघडून आतलं मशीन बघायचं, आणि सायन्स फिक्शनच्या लांबलचक मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या-बघायच्या. बरीच वर्षं मला वाटायचं की या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग एकदा एकाच आठवड्यात दोन्हीकडे सारखीच चूक झाली. एक ओमेगा घेतलं होतं, विकणाऱ्याने लिहिलेलं 'कॅलिबर ओएक्सजी' (कॅलिबर म्हणजे मशीनच्या मॉडेलचं नाव), मी तीन रात्री त्या नावाचं कॅलिबर शोधत बसलो आणि असं कॅलिबर मुळात नाहीच. आणि त्याच आठवड्यात एका मैत्रिणीला असिमोव्हची फाउंडेशन मालिका वाचायची होती, तिला मी कथेच्या काळानुसार पहिलं येतं म्हणून 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' दिलं, जे छापलं गेलं १९८८ मध्ये. मूळ पुस्तक १९५१ चं. ज्या हॅरी सेल्डनला मूळ पुस्तकात दुरून, दंतकथेतल्या माणसासारखं भेटायचं असतं तो तिच्यासाठी आधीच रोजच्या ओळखीचा होऊन बसला, आणि ती मजा परत देता येत नाही.

दोन्ही ठिकाणी नंबर खोटा नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. तेव्हापासून माझी पद्धत अशी, की आकडा दिसला की आधी ठरवायचं हा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय. किती मोठं? कुठल्या घराण्यातलं? कितवं? की नेमका कुठला नग? चारच प्रश्न आहेत, पण बहुतेक वेळा एकाच वस्तूवर चारही उत्तरं शेजारी शेजारी ठोकलेली असतात आणि कुठलं कशाचं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

पायरी १: आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या

अर्थ लावायची घाई करू नका. घड्याळ असेल तर बाहेरचं बॅक कव्हर, मग बॅक कव्हरची आतली बाजू, लग्जच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मधली जागा, मग मशीन. मशीनवर ब्रिजवर (चाकं वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं ते सगळ्यांना दिसतं, पण खरा कॅलिबर नंबर पुष्कळदा बॅलन्स व्हीलच्या (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली किंवा अगदी बाजूला, मेन प्लेटवर, बारीक अक्षरात असतो आणि त्याच्या शेजारी मशीन बनवणाऱ्या कारखान्याचा छोटा शिक्का असतो. स्विस घड्याळांमध्ये डायलवर एक नाव आणि मशीन दुसऱ्याच कारखान्याचं हे अगदी नेहमीचं, त्यामुळे तो शिक्का म्हणजे सोनं आहे. बॅलन्स फिरत असताना काही दिसत नाही म्हणून लोक त्याला पिनने थांबवायला जातात, कृपा करून असं करू नका, त्याची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग वाकली की सगळं संपलं. मोबाइलवर तिरप्या उजेडात दहा-बारा फोटो काढा, स्पोक्सच्या मधल्या फटीतून एखाद्या फोटोत नंबर सापडतोच. ऑटोमॅटिक असेल तर रोटर (आपोआप चावी देणारं फिरतं वजन) हळूच फिरवून त्याच्याखाली बघा.

काही मशीन्सवर नंबर फक्त डायलच्या खाली असतो. इथे एक सावधगिरी, १९६० च्या आधीच्या बऱ्याच घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग असतो, तो आता चमकत नसला तरी रेडियम तसंच असतं आणि त्याची भुकटी पोटात किंवा फुप्फुसात जाणं वाईट. असं डायल घरी काढू नका, खरवडू तर अजिबात नका, घड्याळजीकडे द्या आणि त्यालाच नंबर वाचून सांगायला सांगा.

मालिकेचंही तसंच. पुस्तकाच्या कण्यावरचा नंबर, आतल्या कॉपीराइटच्या पानावरचं पहिलं प्रकाशनवर्ष, आधी मासिकात आलं असेल तर त्याची नोंद. टीव्हीची मालिका असेल तर प्रसारणाची तारीख, निर्मितीचा नंबर आणि स्ट्रीमिंगवर दिसणारा एपिसोड नंबर. हे तीन एकच असतील असं धरून चालायचं नाही.

उतरवताना टिंबं, आडव्या रेघा, मागची अक्षरं सगळं लिहा. २८२४ आणि २८२४-२ या वेगळ्या गोष्टी आहेत, मी नंतर सांगतो.

पायरी २: जे नंबर वाटतात पण तुमच्या कामाचे नाहीत ते बाजूला काढा

माझं ओएक्सजी इथलंच. अमेरिकेत आयात होणाऱ्या स्विस मशीन्सवर, बहुतेक वेळा बॅलन्सच्या पुलावर, तीन अक्षरांचा आयातीचा कोड ठोकायचे. ओएक्सजी म्हणजे ओमेगा, आरओडब्ल्यू म्हणजे रोलेक्स, एलएक्सडब्ल्यू म्हणजे लाँजिन. त्यावरून एवढंच कळतं की हे मशीन अमेरिकेच्या बाजारासाठी गेलं होतं, जे इतिहास म्हणून छान आहे पण कॅलिबर नाही. तसंच '१७ ज्वेल्स' हा घर्षण कमी करायला आत बसवलेल्या दगडांचा आकडा, 'पाच पोझिशन्स' हा घड्याळ किती बाजूंना धरून जुळवलंय त्या ॲडजस्टमेंटचा, पेटंट नंबर हा पेटंटचा. आणि बॅक कव्हरच्या आत सुईने खरडलेले वेडेवाकडे आकडे असतात ते जुन्या घड्याळजींच्या सर्व्हिसच्या खुणा, त्या पुसू मात्र नका, कधी कधी त्यात तारीख मिळते.

पुस्तकात याचा भाऊ म्हणजे कॉपीराइटच्या पानावरची उतरत्या आकड्यांची ओळ, १० ९ ८ ७ अशी. त्यातला सगळ्यात लहान शिल्लक आकडा म्हणजे छपाईची कितवी खेप. मी एकाला या ओळीवरून 'हा मालिकेचा तिसरा भाग' म्हणताना ऐकलंय. ती तिसरी छपाई होती.

पायरी ३: आकार सांगणारा आकडा ओळखा

जुन्या स्विस मशीन्सचा व्यास लिन्य या जुन्या फ्रेंच मापात सांगतात, एक लिन्य म्हणजे २.२५५८ मिलिमीटर, बारा लिन्यचा एक फ्रेंच इंच. आता गंमत अशी की हे माप गोल करून सांगायची पद्धत आहे. ईटीए या स्विस मशीन कारखान्याचं २८२४ 'साडेअकरा लिन्य' म्हणून सांगतात, गुणाकार केला तर २५.९ मिलिमीटर येतं पण प्रत्यक्ष व्यास २५.६. युनिटासचं ६४९७ साडेसोळा लिन्य म्हणतात, हिशोबाने ३७.२ आणि खरं ३६.६. म्हणजे केस शोधताना लिन्यवर भरवसा ठेवू नका, कॅलिपर घ्या आणि मोजा.

आणि कधी कधी हा आकार थेट कॅलिबरच्या नावातच बसलेला असतो. लाँजिनचं १९१३ चं १३.३३झेड, त्यातले पहिले १३ म्हणजे तेरा लिन्य. झेनिथचं १३५, तेरा लिन्य आणि ५ मिलिमीटर जाडी. ओमेगाचं ३०टी२, ३० मिलिमीटर. २८.१० आरए, २८.१ मिलिमीटर आणि आरए म्हणजे फ्रेंचमध्ये ऑटोमॅटिक वाइंडिंग. २७ क्रो सी१२ म्हणजे २७ मिलिमीटरचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं मशीन), बारा तासांच्या काउंटरवालं. मला ही जुनी नावं फार आवडतात, नुसतं नाव वाचून मशीन डोळ्यापुढे येतं. १९५० च्या आसपास ओमेगाने ती बदलून सरसकट तीन आकडी केली, २७ क्रो सी१२ चं झालं ३२१, जे पुढे ओमेगाच्या स्पीडमास्टर घड्याळात गेलं, आणि ३०टी२ चं घराणं २६० पासून पुढे सुरू झालं. त्यामुळे १९४० च्या दशकातल्या घड्याळावर जुनं नाव आणि पार्ट्सच्या यादीत नवं नाव असं दिसलं तर दचकू नका, मशीन तेच.

अमेरिकन पॉकेट वॉचचं माप वेगळं. तिथे शून्य साइज म्हणजे एक पूर्णांक पाच तीसांश इंच, आणि पुढची प्रत्येक साइज एक तीसांश इंचाने वाढते. म्हणून १६ साइज बरोबर १.७ इंच येते, १२ साइज साधारण १.५७ आणि १८ साइज साधारण १.७७. सूत्र लक्षात ठेवायला सोपं, साइजमध्ये ३५ मिळवा आणि ३० ने भागा. रेल्वेवाल्यांची बरीच घड्याळं १६ आणि १८ साइजची असतात.

सायफायमध्ये आकाराचा नंबर असा नसतोच जवळजवळ, म्हणून पुढे जाऊ.

पायरी ४: घराणं ओळखा, पण शेवटच्या आकड्याला स्वतःचा अर्थ चिकटवू नका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

बहुतेक कारखाने पहिल्या दोन-तीन आकड्यांत घराणं ठेवतात आणि शेवटच्या आकड्यात फरक. वॅल्जू या कारखान्याचं उदाहरण सोपं आहे, ७७३३ साधं क्रोनोग्राफ, ७७३४ म्हणजे तेच तारखेसकट, ७७३६ म्हणजे बारा तासांच्या काउंटरसकट. हे कळल्यावर आपल्याला वाटतं वा, आता नियम मिळाला. पण त्याच रांगेतलं ७७३० घ्या, ते मुळात व्हीनस कारखान्याचं १८८. वॅल्जूने व्हीनस घेतल्यावर त्याच मशीनला आपल्या रांगेतला नंबर दिला. म्हणजे नंबरवरून वॅल्जूचं वाटतं आणि वंश दुसराच आहे.

ओमेगाचं ५५० चं घराणं याहून शिकवणारं. ५५० सतरा ज्वेलचं, ५५१ चोवीस ज्वेलचं आणि क्रोनोमीटर (अचूकतेची परीक्षा पास झालेलं), ५५२ चोवीस ज्वेलचं पण क्रोनोमीटर नसलेलं. तारीख आली की ५६ सुरू होतं. ५६१ क्रोनोमीटर, ५६२ साधं, म्हणजे इथपर्यंत १ म्हणजे क्रोनोमीटर हे जुळतं. मग तारीख झटकन बदलायची सोय आली आणि ५६३ सतरा ज्वेलचं, ५६४ क्रोनोमीटर, ५६५ साधं. म्हणजे क्रोनोमीटर कधी १ वर तर कधी ४ वर. ज्याने नियम पाठ केला तो इथे फसतो, ज्याने यादी बघितली तो नाही. माझा सल्ला असा की नियम फक्त अंदाज बांधायला वापरायचा आणि पक्कं करायला त्या कॅलिबरचा टेक्निकल शीट बघायचा.

ओमेगाच्या केसवरचा रेफरन्स नंबरही घराण्याचाच असतो पण केसच्या घराण्याचा. १६५ ने सुरू होणारा ऑटोमॅटिक विना तारीख, १६६ तारखेसकट, १६७ क्रोनोमीटर विना तारीख, १६८ क्रोनोमीटर तारखेसकट. आता याचा उपयोग बघा, ओमेगाच्या कॉन्स्टेलेशन मॉडेलच्या केसच्या आत १६८.००५ लिहिलंय आणि मशीन निघालं ५५२, म्हणजे तारीखही नाही आणि क्रोनोमीटरही नाही, तर कुठेतरी अदलाबदल झालीय. केसचा नंबर आणि मशीनचा नंबर एकमेकांचे साक्षीदार आहेत, दोघांची साक्ष जुळली पाहिजे. फसवणूक पकडायला एवढी एक गोष्ट आली तरी पुष्कळ आहे.

पण साक्ष न जुळणं म्हणजे नेहमी फसवणूक असंही नाही. रोलेक्सचं १५७५ हे १५७० चं तारीखवालं भावंड, आणि तारीखवाल्या घड्याळाच्या ब्रिजवरसुद्धा १५७० च ठोकलेलं असतं. ब्रिज तोच, म्हणून शिक्का तोच. हे माहीत नसलेला माणूस एक चांगलं घड्याळ 'मशीन बदललंय' म्हणून परत करतो.

आणि मोठा आकडा म्हणजे नंतरचा असंही नाही. सेकोचं ६१३९ क्रोनोग्राफ १९६९ चं, आणि ६१३८, ज्याला बारा तासांचा काउंटर आणि हाताने चावी द्यायची सोय आहे, ते १९७० चं. नंबर एकने कमी, मशीन नंतरचं. सेकोचंच ६३०९ सतरा ज्वेलचं, ६३०६ एकवीस ज्वेलचं आणि चावी ओढली की सेकंद काटा थांबणारं. आकडा लहान, मशीन वरचं. ६४९७ आणि ६४९८ मध्ये तर वरचं-खालचं काहीच नाही, चावी तीनच्या जागी धरली तर ६४९७ चा सेकंद काटा नऊवर येतो आणि ६४९८ चा सहावर, पहिलं उघड्या पॉकेट वॉचसाठी आणि दुसरं झाकणवाल्यासाठी.

आता मागची शेपटी. ईटीएच्या २८२४-२ मधला २ म्हणजे त्याच मशीनची सुधारलेली आवृत्ती, २८९२-ए२ मधला ए२ ही तसाच. पार्ट मागवताना ही शेपटी लिहाच, नाहीतर जवळचा पण न बसणारा पार्ट येतो. दुसऱ्या काही कंपन्या पिढी पुढे लावतात, ओमेगाचं ८६१ (जे १९६८ मध्ये ३२१ च्या जागी आलं) मग १८६१ मग ३८६१, रोलेक्सचं ३०३५ मग ३१३५ मग ३२३५. मागचा भाग कायम आणि पुढचा वाढत जातो, एकदा डोळ्याला सवय झाली की वंशावळ आपोआप दिसते.

स्टार ट्रेकमधल्या जहाजाचा नंबर एनसीसी-१७०१, त्याच्या पुढे ए, बी, सी, डी, ई लागत गेले. दिसायला ईटीएच्या शेपटीसारखं, पण अर्थ उलटा. २८२४-२ हे तेच मशीन सुधारलेलं, १७०१-डी हे पूर्ण नवं जहाज, फक्त नावाचा मान पुढे चालवलेला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो कारण शेपटी दिसली की आपला मेंदू लगेच 'आवृत्ती' म्हणतो, आणि तिथे थांबून विचारावं लागतं की खालचं यंत्र तेच आहे की नुसतं नाव तेच आहे.

याच पायरीत पार्ट नंबरही सांगून टाकतो. स्विस पार्ट्सना कॅलिबर कुठलंही असो सारखेच नंबर वापरायची जुनी पद्धत आहे, ४०१ म्हणजे वाइंडिंग स्टेम, ४१५ रॅचेट व्हील, ४४३ सेटिंग लिव्हर, ७०५ एस्केप व्हील, ७१० पॅलेट फोर्क, ७२३ बॅलन्स स्टाफ. त्यामुळे पार्टच्या जुन्या पाकिटावर कारखान्याचं नाव, कॅलिबर आणि ४०१ एवढं असलं तरी पुरतं. ओमेगा, रोलेक्स यांचे स्वतःचे पार्ट नंबर वेगळे आहेत, तिथे ही पद्धत लावू नका.

पायरी ५: 'कितवं' विचारताना तीन रांगा वेगळ्या ठेवा

हा सायफायचा प्रांत. कुठल्याही मालिकेत तीन रांगा असतात, बनवलं कधी, लोकांपुढे आलं कधी, आणि कथेच्या आतल्या काळात ते कुठे बसतं. नंबर यातल्या एकाच रांगेचा असतो आणि बाकीच्या दोन रांगा तो लपवतो.

स्टार ट्रेकची मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली ती 'द मॅन ट्रॅप' या एपिसोडने, पण निर्मितीच्या रांगेत तो सहावा. त्याच्या कितीतरी आधी बनलेला दुसरा पायलट (मालिकेआधी नमुना म्हणून बनवलेला एपिसोड) २२ सप्टेंबरला, म्हणजे तिसरा दाखवला गेला. म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याला तिसऱ्या एपिसोडला अचानक युनिफॉर्म वेगळे दिसतात आणि डॉक्टरच दुसरा असतो, आणि वाटतं आपलं काहीतरी सुटलं. काही सुटलेलं नसतं, रांग बदललेली असते. फायरफ्लाय या मालिकेचं तर याहून दुःख होतं, तिचा पायलट २००२ मध्ये पहिल्या प्रसारणात शेवटी शेवटी डिसेंबरमध्ये दाखवला, म्हणजे पात्रांची ओळख करून देणारा भाग लोकांनी शेवटी बघितला. तिथे निर्मितीची रांगच धरायची, दुसरा विचारच नको.

स्टार वॉर्सचा पहिला सिनेमा १९७७ चा, आणि तेव्हा पडद्यावर एपिसोड नंबर नव्हता. १९८० च्या पुढच्या सिनेमावर एपिसोड पाच आलं आणि १९८१ मध्ये पहिला परत प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्यावर एपिसोड चार चढवलं. हे अगदी ३०टी२ चं २६० झाल्यासारखं, वस्तू तीच आणि शिक्का नंतरचा. त्यामुळे चार, पाच, सहा, एक, दोन, तीन, सात असं विचित्र दिसणारं जे आहे तीच लोकांपुढे आल्याची खरी रांग.

शिक्का नंतर चढवण्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे ई. ई. स्मिथची लेन्समन मालिका. 'ट्रायप्लॅनेटरी' ही गोष्ट १९३४ ला मासिकात आली तेव्हा तिचा लेन्समनशी काही संबंध नव्हता. १९४८ मध्ये ती बदलून, जोडणी करून पुस्तक काढलं आणि ते मालिकेचं पहिलं पुस्तक झालं. व्हीनस १८८ चं वॅल्जू ७७३० झालं तसंच. म्हणून मी नव्या वाचकाला एक नंबर दिसला तरी तिथून सुरू करू नको सांगतो, १९३७ ला मासिकात सुरू झालेल्या 'गॅलॅक्टिक पेट्रोल'पासून धर, कारण ट्रायप्लॅनेटरीच्या नव्या भागांत पुढचं बरंचसं गुपित आधीच उघडं केलंय.

फाउंडेशनचं मी वर सांगितलं. त्यात अजून एक बारकावा, १९५१ च्या पुस्तकातला पहिला भाग, 'द सायकोहिस्टोरियन्स', हा मासिकातल्या मूळ कथांत नव्हताच, पुस्तकासाठी नव्याने लिहिलेला. म्हणजे एकाच पुस्तकाच्या पोटात पहिलं पान हे सगळ्यात शेवटी लिहिलेलं. छापील क्रम इथे एकदम बरोबर काम करतो. मग १९५२, १९५३ ची दोन, मग एकदम १९८२ आणि १९८६ ची, आणि सगळ्यात शेवटी १९८८ आणि १९९३ ची आधीच्या काळातली दोन. मी आता सगळ्यांना हीच प्रकाशनाची रांग देतो.

माझा साधा नियम, पहिल्यांदा वाचताना लोकांपुढे आलेली रांग, दुसऱ्यांदा कथेची रांग. अपवाद फक्त तेव्हा जेव्हा प्रसारण करणाऱ्यानेच क्रम मोडला असेल.

पायरी ६: तारीख लपलेले नंबर, आणि फिरून येणारा एक

जुन्या सेकोच्या मागे दोन नंबर असतात. एक कॅलिबर आणि केस, जसं ६१३९-६००२, पहिले चार मशीन आणि नंतरचे चार केस. दुसरा सिरीयल, म्हणजे त्या एका नगाचा नंबर. सिरीयलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, १ ते ९ आणि मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. आणि डायलच्या तळाशी बारीक अक्षरात तिसरा एक नंबर असतो तो डायलचा, तोही कॅलिबरनेच सुरू होतो पण पुढचे आकडे केसशी जुळत नाहीत आणि जुळायचेही नसतात, यावरून घाबरून घड्याळ परत करू नका.

अडचण दशकाची. सिरीयल १४ ने सुरू होतो, म्हणजे एप्रिल १९७१ की १९८१? ६१३९ आलं १९६९ ला आणि १९७० च्या दशकातच संपलं, म्हणजे १९७१. सुटलं. पण सिरीयल ९ ने सुरू झाला तर १९६९ आणि १९७९ दोन्ही पोटात येतात. तेव्हा नंबर सोडून शब्द बघायचे, मागे किंवा डायलवर 'वॉटर प्रूफ' असेल तर जुनं, कारण साधारण १९७० च्या सुमाराला सेकोने तो शब्द सोडून 'वॉटर रेझिस्ट' धरला. पहिल्या वर्षाचं ६१३९ ओळखायची ही खूण मला फार उपयोगी पडलीय.

अमेरिकन पॉकेट वॉचमध्ये वर्ष काढायचं ते मशीनवरच्या सिरीयलवरून, केसवरच्या नाही, कारण तेव्हा गिऱ्हाईक मशीन आणि केस वेगवेगळं निवडायचं. हॅमिल्टनचं ९९२बी असेल तर मशीनचा सिरीयल सी ने सुरू होतो, नसेल तर काहीतरी चुकतंय. आणि ९९२ हा ग्रेड (मशीनचं मॉडेल) आहे, सिरीयल नाही, हे दोन लोक सारखं एकत्र करतात.

सेकोच्या सिरीयलसारखीच गोष्ट स्टार ट्रेकच्या स्टारडेटची, म्हणजे कथेतल्या तारखेच्या आकड्याची. मूळ मालिकेत स्टारडेटवरून क्रम लावायच्या फंदात पडू नका, तो लागत नाही. पण १९८७ च्या नेक्स्ट जनरेशन या पुढच्या मालिकेपासून व्यवस्था आली, पहिला आकडा ४ हा चोविसाव्या शतकाचा आणि दुसरा सीझनचा. पहिल्या एपिसोडची स्टारडेट ४११५३.७, म्हणजे सीझन एक. ४६ ने सुरू झाली की सहावा. आणि तीच रांग पुढे चालू ठेवली म्हणून १९९५ ला व्हॉयेजर सुरू झाली ती ४८३१५.६ ने, जरी तिचा तो पहिलाच सीझन. म्हणजे दुसरा आकडा सीझनचा हे फक्त नेक्स्ट जनरेशनपुरतं, इतर मालिकांना तो वर्षासारखा वाचायचा.

आणि फिरून येणारा एक म्हणजे डॉक्टर हू. 'सीझन १' कोणी म्हटलं तर विचारा कुठला. १९६३ चा, ज्यापासून २६ सीझन १९८९ पर्यंत चालले? २००५ चा, जिथे परत एकपासून मोजायला घेतलं? की २०२४ चा, जिथे पुन्हा एक? इथे वर्ष लिहिल्याशिवाय नंबरला काही अर्थच नाही. डॉक्टरांची (नट बदलला की नायक डॉक्टरचा नंबर पुढे जातो) मोजणी मात्र सुंदर सांभाळलीय, २०१३ मध्ये आठव्या आणि नवव्याच्या मध्ये एक नवा डॉक्टर निघाला, तर सगळ्यांचे नंबर एकने सरकवण्यापेक्षा त्याला वॉर डॉक्टर असं बिननंबरी नाव दिलं. पन्नास वर्षांची पुस्तकं, लेख, लोकांच्या आठवणी, सगळ्यातले नंबर जागेवर राहिले. ज्याला संग्रह सांभाळायचाय त्याने हे शिकून घ्यावं.

जर्मन पेरी रोडान मालिकेत हा त्रासच नाही, १९६१ पासून आठवड्याला एक अंक आणि एकच सरळ रांग, २०१९ ला ३००० वा अंक आला. मात्र जाड पुस्तकरूपातल्या संग्रहांची रांग वेगळी आहे, अंक क्रमांक आणि पुस्तक क्रमांक एकत्र करू नका.

पायरी ७: वहीत लिहायची पद्धत

मी एकच वही ठेवतो, घड्याळांना आणि मालिकांना सारखीच. प्रत्येक वस्तूला अर्धं पान. सगळ्यात वर आकडा जसा दिसला तसा, त्यात दुरुस्ती कधीच करायची नाही. रोलेक्सच्या ब्रिजवर १५७० दिसलं तर वर १५७० च लिहायचं, खाली '१५७५, तारीख आहे म्हणून'. त्याखाली तो आकडा चारपैकी कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते एका शब्दात, माप, घराणं, क्रम, नग. मग तो कुठे सापडला, केसवर, ब्रिजवर, डायलखाली, कण्यावर, कॉपीराइटच्या पानावर. शेवटी 'पक्कं', 'बहुतेक' किंवा 'अंदाज' यातला एक शब्द. हा शेवटचा शब्द लिहायचा कंटाळा करू नका, दोन वर्षांनी स्वतःचाच अंदाज आपल्याला पुरावा वाटायला लागतो आणि मग त्यावर आपण दुसरा अंदाज रचतो.

मालिकांसाठी प्रत्येक पुस्तकापुढे किंवा एपिसोडपुढे तीन रकाने, बनलं, आलं, कथेत. शेल्फवर पुस्तकं तुम्हाला हवी तशी लावा पण कण्यावर स्वतःचा नंबर चिकटवू नका, पेन्सिलने आतल्या पानावर लिहा. एखादी नवी आधीच्या काळातली कथा आली की सगळे स्टिकर बदलावे लागतात, मी ते दोनदा केलंय.

वहीतली एक नोंद दाखवतो म्हणजे पद्धत कळेल. सेको, मागे ६३०९-७०४०, सिरीयल ७एन ने सुरू. ६३०९ घराणं, सतरा ज्वेल, पक्कं. ७०४० केस, पक्कं. एन म्हणजे नोव्हेंबर, पक्कं. ७ म्हणजे १९७७ किंवा १९८७, ही केस १९७६ ते १९८८ बनत होती त्यामुळे दोन्ही बसतात, आणि 'वॉटर रेझिस्ट' हा शब्द दोन्ही वर्षांत तोच. तिथे मी दोन्ही वर्षं लिहिलीत, समोर 'अंदाज' लिहिलंय, आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडल्यात, पुढच्या सर्व्हिसला डायल निघेल तेव्हा त्याच्या मागे काही छापलेलं सापडलं तर तिथे लिहायला.